मोटार अपघाताचे खोटे दावे : कागद कुठे बोलतो, आणि आळा कसा घालायचा

टीपी_फाईल

दवाखान्याच्या केसपेपरवर पहिल्या रात्री लिहिलेलं असतं, "दुचाकी घसरून पडला". पोलीस ठाण्याच्या डायरीतही तेच. दोन-अडीच महिन्यांनी एफआयआर होतो, त्यात एक टेम्पो येतो, नंबरासकट. टेम्पोचा विमा चालू असतो, चालकाचा परवाना वैध असतो, मालक मुकाट्याने हजर होतो आणि चालक पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरतो. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज पडतो.

आमच्याकडे, म्हणजे विमा कंपन्यांच्या बाजूला, याला "गाडी प्लांट करणे" म्हणतात. हे का होतं ते आधी समजून घ्या. स्वतः घसरून पडलेल्याला थर्ड पार्टी विम्यातून (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा) काही मिळत नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो मृत्यू किंवा ठरावीक कायमच्या अपंगत्वापुरता. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर कलम १६१ खाली मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. तीच गाडी सापडली आणि तिचा विमा असला, तर विमा कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादाच नाही. ५० हजार आणि २० लाख यांच्यामधल्या फटीतून ही गाडी आत येते.

धागा काढण्याचं कारण म्हणजे कंपन्यांचं नेहमीचं उत्तर: सगळ्याच दाव्यांवर संशय घ्या आणि सगळंच लांबवा. माझ्या मते ते उलटं पडतं. बनाव पहिल्या अठ्ठेचाळीस तासांतल्या कागदांवर पकडता येतो. दोन वर्षांनी उलटतपासणीत तो क्वचितच हाती लागतो.

पहिल्या झटक्यात मागवायचे कागद: एमएलसी रजिस्टरचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या रुग्णांच्या नोंदवहीचा, उतारा (फक्त डिस्चार्ज कार्ड नव्हे), १०८ ची रुग्णवाहिका आली असेल तर तिची नोंद, ठाणे डायरी, घटनास्थळ पंचनामा, मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, आणि त्याच दुचाकीचा ओडी क्लेम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा) कुठे दाखल झालाय का. शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. ओडी क्लेमच्या फॉर्मवर माणूस स्वतःच्या हाताने "कुत्रं आडवं आलं, स्लिप झालो" असं लिहून मोकळा झालेला असतो.

काळा_कोट

टीपी_फाईलसाहेब, मी अर्जदारांच्या बाजूने लिहितोय, तेव्हा दुसरी बाजू मांडतो.

एफआयआरला उशीर झाला म्हणजे दावा खोटा, असं समीकरण कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात स्पष्ट सांगितलंय की घरचे लोक आधी जखमीला घेऊन धावतात, पोलिसांकडे नंतर जातात. उशीर झाला तर कोर्टाने कागद जास्त बारकाईने तपासावेत, पण केवळ त्यावर दावा फेटाळू नये.

दुसरं, केसपेपरवरची "हिस्टरी", म्हणजे अपघात कसा झाला याची सांगितलेली हकीकत. रात्री दोन वाजता ती कोण सांगतं? बहुतेक वेळा नंतर पोचलेला मेहुणा किंवा शेजारी, ज्याने अपघात पाहिलेलाच नसतो. डॉक्टरही "आरटीए" (रस्ता अपघात) एवढंच लिहून पुढच्या रुग्णाकडे वळतात. म्हणून हिस्टरी सांगणाऱ्याचं नाव आणि नातं नोंदलंय का ते आधी बघा. रुग्ण शुद्धीवर होता आणि त्याने स्वतः सांगितलं अशी नोंद असेल, तर तुमचा मुद्दा वजनदार. नाव नसेल तर अर्धाच.

तिसरं म्हणजे कंपनीच्या लेखी म्हणण्यात "सदर वाहन अपघातात सामील नव्हते" हे वाक्य शिक्क्यासारखं प्रत्येक प्रकरणात असतं. पुरावा मात्र द्यायचा नसतो! तपासनीसाचा अहवाल फाईलला लावला की झालं, असं समजतात. तपासनीस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आला नाही, तर त्या अहवालाला पुराव्याची किंमत नाही. केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरला किंवा रेकॉर्ड कीपरला मूळ रजिस्टरसह समन्स काढा. हे केलं नाही तर शक्याशक्यतेच्या तराजूत अर्जदाराचं पारडं जड होणारच, आणि ते बरोबरही आहे. इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही.

टीपी_फाईल

मान्य. हिस्टरी सांगणाऱ्याचं नाव हा मुद्दा आमचेच लोक सोडतात.

एक भर. अर्जदारानेच एफआयआर पुराव्यात आणला असेल, तर त्यातला सोयीचा भाग घ्यायचा आणि गैरसोयीचा नाकारायचा असं चालत नाही. २००७ चा प्रेमलता शुक्ला निकाल यासाठी वाचा.

मालक आणि अर्जदार आतून मिळालेले असतील, तर कंपनीने कलम १७० खाली अर्ज देऊन सगळ्या मुद्द्यांवर लढायची परवानगी मागावी. कंपनीला अर्जात आधीच पक्षकार केलं असेल, तर २०११ च्या शीला दत्ता निकालानुसार ती तशीही सर्व मुद्दे घेऊ शकते. तरी अर्ज देऊन ठेवलेला बरा.

ठाणेअंमलदार

१ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जे नमुने (फॉर्म) आलेत, ते नीट भरले तर निम्मे बनाव जागच्या जागी मरतात. आपल्याकडचा जुना कॉम्प-एए फॉर्म (पोलिसांचा अपघात अहवाल) आठवतो तसं हे एका कागदाचं काम राहिलेलं नाही.

नमुना १, पहिला अपघात अहवाल: ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला. नमुना ३ चालकाचा, ४ मालकाचा. नमुना ५, अंतरिम अहवाल: ५० दिवसांत. नमुना ६ जखमीचा किंवा वारसांचा. नमुना ७, सविस्तर अहवाल: ९० दिवसांत, सोबत घटनास्थळाचा नकाशा आणि गाडीचा यांत्रिक तपासणी अहवाल. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ च्या गोहर मोहम्मद निकालात यासाठी पोलीस ठाण्यांत स्वतंत्र पथकं नेमायला सांगितलं.

गाडी "नंतर सापडली" असेल, तर चालक आणि मालकाचे नमुने फार बोलतात. मालकाने गाडी त्या दिवशी कुठून कुठे चालली होती, माल काय होता, ते लिहायचं आणि आपण ते फास्टॅगशी, ई-वे बिलाशी (मालवाहतुकीचा जीएसटी कागद), जीपीएसशी ताडून पाहायचं. टेम्पो अपघाताच्या वेळी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या टोलनाक्यावर दिसला की पुढे बोलायला काही उरत नाही.

यांत्रिक तपासणीबद्दल थोडं सविस्तर, कारण हा अहवाल बहुतेक ठिकाणी चार ओळींत उरकतात. दुचाकी घसरते तेव्हा एका बाजूचं हँडलचं टोक, फूटरेस्ट, लेगगार्ड आणि त्या बाजूला असेल तर सायलेन्सर, असे एका रेषेत घासतात. ओरखडे लांब आणि समांतर असतात. मागून धडक असेल तर टेललॅम्प फुटतो, मागचं मडगार्ड आणि नंबरप्लेट पुढच्या बाजूला दबते, बऱ्याचदा मागची रिम वाकते. तेव्हा "मागून उडवलं" म्हणणाऱ्या दुचाकीचा टेललॅम्प शाबूत असेल, तर निरीक्षकाने ते शब्दांत लिहायला हवं. टेम्पोच्या बंपरची जमिनीपासूनची उंची आणि दुचाकीवरच्या आघाताची उंची, दोन्ही टेपने मोजून सेंटिमीटरमध्ये लिहा. रंग लागलेला असेल तर नमुना खरवडून न्यायवैद्यक प्रयोगशाळेला. नुसतं "ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक" हा अहवाल कुणाच्याच कामाचा नाही.

आता गोची. तीन महिन्यांनी आणलेल्या गाडीवर खूण नसते आणि मालक म्हणतो, दुरुस्त केली. मग गॅरेजचं जॉबकार्ड आणि सुट्या भागांचं बिल मागा. तेही नाही म्हटल्यावर "ताजे नुकसान आढळले नाही, दुरुस्तीचा पुरावा सादर नाही" अशी दोन्ही वाक्यं अहवालात आली पाहिजेत. पहिलंच लिहून दुसरं सोडलं की वकील त्यातून रस्ता काढतात.

कोकणकडा७

माहितीपूर्ण धागा. एक शंका: मेडिक्लेममधून दवाखान्याचं बिल मिळालं आणि न्यायाधिकरणातही तोच खर्च मागितला, तर ती फसवणूक ना?

काळा_कोट

नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलंय की मेडिक्लेमची रक्कम अपघात भरपाईतून वजा करता येत नाही. तो हप्ता भरून घेतलेला स्वतंत्र करार आहे. म्हणून फाईलला बिलांच्या झेरॉक्स आहेत एवढ्यावरून संशय घेऊ नका, मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांकडे जमा असतात.

दोन ठिकाणी मागणं गैर कुठे, तर कामावर असताना अपघात झाला आणि कर्मचारी भरपाई कायदा व मोटार वाहन कायदा दोन्हींखाली अर्ज केला तर. कलम १६७ प्रमाणे एकच निवडावा लागतो. तसंच अर्ज अपघाताच्या ठिकाणी, अर्जदाराच्या राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणी किंवा प्रतिवादीच्या ठिकाणी करता येतो, त्यामुळे एकाच अपघाताचे दोन जिल्ह्यांत दोन अर्ज पडल्याची उदाहरणं असतात. ई-डार या अपघात अहवालांच्या सरकारी पोर्टलवर अपघाताची नोंद एकदाच होते, तो क्रमांक अर्जावर असला की हा प्रकार लगेच उघडा पडतो.

अस्थिसंधी

गाडी प्लांट करण्यावर सगळे बोलतात. पण अपघात खरा, जखमी खरा आणि टक्केवारी खोटी, हा प्रकार बाजूलाच राहतो. पैसा तिथे जास्त मुरतो.

हिशेब बघा. वय ३५, स्वतःचा धंदा, महिना २०,००० उत्पन्न. वर्षाचे २,४०,०००. भावी वाढ ४० टक्के धरून ३,३६,०००. या वयाला गुणक (वयानुसार ठरलेली पट) १६, म्हणजे ५३,७६,०००. कमाईच्या क्षमतेतली घट १० टक्के धरली तर ५,३७,६००. ४० टक्के धरली तर २१,५०,४००. एका प्रमाणपत्रावरच्या एका आकड्याने सोळा लाखांचा फरक पडतो.

राज कुमार विरुद्ध अजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यासाठीच आहे. अवयवाची टक्केवारी, संपूर्ण शरीराची टक्केवारी आणि कमाईवरचा परिणाम या तीन वेगळ्या गोष्टी. उजव्या पायाचं ४० टक्के म्हणजे शरीराचं ४० टक्के नाही, आणि कारकुनाची कमाई ४० टक्के बुडाली असं तर मुळीच नाही. मात्र हमालाचा तोच पाय गेला तर त्याचं नुकसान शरीराच्या टक्केवारीपेक्षा जास्तही असू शकतं. त्याच निकालात न्यायालयाने इशारा दिलाय की उपचार न करता तयार प्रमाणपत्रं वाटणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीपासून न्यायाधिकरणाने सावध राहावं.

प्रमाणपत्र तपासताना:

तारीख बघा. हाड जुळायच्या, फिजिओथेरपी संपायच्या आत दिलेलं "कायमचं अपंगत्व" कायमचं कसं?

बेरीज बघा. दोन दोषांच्या टक्केवाऱ्या (अ आणि ब) सरळ मिळवायच्या नसतात. सूत्र आहे अ + ब × (९० − अ) ÷ ९०, मोठा आकडा आधी. ३० आणि २० असतील तर उत्तर ४३.३, ५० नव्हे. चुकीची बेरीज हमखास सापडते, आणि दर वेळी ती लबाडीच असते असंही नाही. सूत्र माहीत नसतं.

मोजमाप लिहिलंय का? सांध्याची हालचाल गोनिओमीटरने अंशांत, दोन्ही बाजूंची. "हालचाल मर्यादित" हे मोजमाप नाही. मांडीचा घेर गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटिमीटर वर, दोन्ही पायांचा. वर्षभर पायावर भार देत नाही म्हणणाऱ्याच्या मांडीचे स्नायू बारीक व्हायलाच हवेत. दोन्ही घेर सारखे असतील तर प्रश्न विचारा. पकडीची ताकद डायनामोमीटरच्या पाचही खाचांवर मोजली, तर खऱ्या जोराचा आलेख मध्ये उंच येतो. मुद्दाम कमी जोर लावणाऱ्याचा सपाट येतो. टेबलावर गुडघा ६० अंशांपुढे न वाकणारा माणूस बाहेर खुर्चीवर पाय दुमडून बसलेला दिसतो, तेही लिहून ठेवायचं.

पण यातली एकच चाचणी धरून कुणाला खोटं ठरवू नका. वेदनेची भीती असलेला खरा रुग्णही सपाट आलेख देतो. तीन-चार गोष्टी एका दिशेने बोलल्या तरच.

एक्स-रे: अपघाताच्या दुसऱ्या दिवशीच्या फिल्मवर कॅलस (हाड जुळताना तयार होणारं नवं हाड) दिसत असेल, तर फ्रॅक्चर जुनं आहे. फिल्मवरचं नाव, क्रमांक आणि तारीख दवाखान्याच्या रजिस्टरशी जुळवा. जमलं तर मूळ डिजिटल फाईल मागवा.

बिलंशोधक

डॉक्टरसाहेबांना +१. बिलांबद्दल माझे दोन पैसे.

प्लेट आणि स्क्रूचं स्टिकर ऑपरेशनच्या कागदाला चिकटवलेलं असतं, त्यावर लॉट क्रमांक आणि धातू लिहिलेला असतो. बिलावर टायटॅनियम आणि स्टिकरवर स्टेनलेस स्टील, ही तफावत शोधा. औषध दुकानाची बिलं तारखेने लावा आणि मग अनुक्रमांक पाहा. चार महिन्यांत पसरलेल्या बिलांचे क्रमांक एकापाठोपाठ एक असतील, तर ते पुस्तक एका बैठकीत फाडलंय. महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, पंधरा अक्षरी असतो आणि नोंदणीची तारीख पोर्टलवर दिसते. नोंदणीच्या आधीच्या तारखेच्या बिलावर तो क्रमांक असला की संपलं. उलट दवाखान्याच्या बिलावर जीएसटी नाही म्हणून ओरडू नका, वैद्यकीय सेवेला बहुतांशी सूट आहे.

उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्राची पोचपावती बघा. आकडा नंतर, दाखल केल्याची तारीख आधी. अपघातानंतर मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं एकदम भरलेली असतील तर जीएसटी, बँक खातं आणि गिऱ्हाइकांची बिलं मागा.

सह्याद्री_वाचक

वर चालक बदलण्याचा उल्लेख नाही. तोच सर्वांत जास्त होतो ना?

टीपी_फाईल

होतो, म्हणूनच वेगळा ठेवला. गाडी खरी, धडक खरी. चालवणाऱ्याकडे परवाना नव्हता म्हणून मालकाने भाऊ उभा केला. यात लबाडी मालकाची आहे, जखमीची नाही. न्यायाधिकरण बहुधा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. अशा प्रकरणात जखमीचा दावाच फेटाळा म्हणून भांडणाऱ्या कंपनीबद्दल मला सहानुभूती नाही.

मालट्रकमधल्या फुकट प्रवाशाला "मालासोबत जाणारा मालाचा मालक" दाखवणं मात्र वेगळं. तिथे माल कुठला, किती पोती, पावती कुणाच्या नावावर, एवढे तीन प्रश्न बहुतेक वेळा पुरतात.

गंगाथडी

या विषयातलं सर्वांत मोठं उदाहरण उत्तर प्रदेशातलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१५ रोजी संशयास्पद दाव्यांच्या चौकशीसाठी एसआयटी (विशेष तपास पथक) नेमायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथल्या डिसेंबर २०२१ च्या आदेशातले आकडे: एसआयटीकडे आलेली प्रकरणं १,३७६. चौकशी पूर्ण झालेली २४६. सकृद्दर्शनी दोषी आढळलेले १६६, त्यांत अर्जदार, वकील, पोलीस, डॉक्टर, विमा कर्मचारी, गाडीमालक, चालक सगळे. गुन्हे दाखल ८३. २८ वकिलांची नावं बंद पाकिटात गेली आणि राज्याच्या बार कौन्सिलच्या (वकिलांची नियामक संस्था) बेपर्वाईबद्दल न्यायालयाने नाराजी नोंदवली.

विमा कर्मचाऱ्यांचा उल्लेख पुन्हा वाचा. आतून माहिती मिळाल्याशिवाय कोणत्या टेम्पोचा विमा चालू आहे आणि कोणता मालक तोंड उघडणार नाही, हे बाहेरच्याला कसं कळणार? आणि सहा वर्षांत २४६ चौकश्या, या गतीचा धाक कुणाला वाटेल?

काळा_कोट

धाकाबद्दल कायदा काय देतो ते सांगतो, कारण इथे कंपन्यांचे वकीलही गोंधळतात.

खोटी साक्ष किंवा कोर्टात खोटा दावा यासाठी थेट एफआयआर होत नाही. न्यायाधिकरणाकडे बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३७९ खाली अर्ज द्यायचा, जुनं सीआरपीसी ३४०. मग न्यायाधिकरण तक्रार करतं. कलमं भारतीय न्याय संहितेची २२९ आणि २४६, जुनी १९३ आणि २०९. १ जुलै २०२४ च्या आधीचं कृत्य असेल तर जुनंच आयपीसी लावा.

पण कागद कोर्टात येण्याआधीच बाहेर बनवलेला असेल, जसं बनावट बिल किंवा पॉलिसी, तर ही अट आडवी येत नाही. पाहा सर्वोच्च न्यायालयाचा इक्बाल सिंग मारवाह निकाल, २००५. त्यासाठी सरळ पोलिसांत तक्रार करता येते.

अर्ज मोघम असला की फेटाळला जातो. प्रतिज्ञापत्राचा परिच्छेद क्रमांक, त्यातलं वाक्य, ते खोटं ठरवणारा कागद आणि तो निशाणी (पुराव्याचा क्रमांक) कितीवर आहे, असा तक्ता करा. "अर्जदाराने फसवणूक केली" या वाक्यावर कुणी चौकशी लावत नाही.

निवाडा झाल्यावर फसवणूक कळली तर? २००० च्या युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या निकालाप्रमाणे न्यायाधिकरणाला स्वतःचाच निवाडा मागे घेता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर अपील नाही, रिट याचिका हाच रस्ता आणि तोही अरुंद. म्हणून "लढायला खर्च जास्त, देऊन टाका" असं म्हणत संशयित फाईल लोकअदालतीत मिटवणाऱ्या कंपन्यांनी नंतर कुरकुर करू नये. पुढच्या दहा फाईलींचं बियाणं त्यांनीच पेरलेलं असतं.

आमच्या धंद्याबद्दलही लिहितो. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवणं बार कौन्सिलच्या नियमाने निषिद्ध आहे, आणि दवाखान्याच्या वॉर्डात माणूस पाठवून वकीलपत्रावर सह्या घेणंही. टक्केवारीवर चालणाऱ्याला आकडा फुगवायचाच असतो. रक्कम थेट जखमीच्या पडताळलेल्या खात्यात गेली, तर मधल्या साखळीचा निम्मा रस संपतो.

कोकणकडा७

समजा मला खरंच धडक बसली. माझी फाईल संशयात अडकू नये म्हणून काय करू?

ठाणेअंमलदार

दवाखान्यात हिस्टरी स्वतः सांगा, शुद्धीत असाल तर. गाडीचा नंबर अर्धाच दिसला तरी तेवढाच लिहायला लावा, नंतर पूर्ण नंबर कसा कळला तेही जबाबात यायला हवं. जबाब देता येत नसेल तर घरच्यांनी त्याच दिवशी ठाण्यात लेखी खबर देऊन पोच घ्यावी. गाडी दुरुस्तीला टाकू नका, आधी निरीक्षकाची तपासणी होऊ द्या. अर्जाची मुदत आता सहा महिने आहे, कलम १६६(३). तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, पण त्या भरवशावर थांबू नका.

आणि सीसीटीव्ही. दुकानांचे रेकॉर्डर बहुधा पंधरा दिवस ते महिनाभरात जुनं पुसतात. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला आणि ठाण्याला लेखी पत्र द्या: तारीख, वेळ अमुक ते अमुक, कॅमेरा कुठला.

टीपी_फाईल

पेनड्राईव्हवर फुटेज घेताना भारतीय साक्ष्य अधिनियम कलम ६३ चं प्रमाणपत्र त्याच वेळी घ्या, हॅश मूल्यासकट (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा अंक-अक्षरांचा ठसा). दोन वर्षांनी दुकान बदललेलं असतं, मालक गावी गेलेला असतो आणि प्रमाणपत्र द्यायला कुणी उरत नाही. रेकॉर्डरचं घड्याळ किती मिनिटं पुढेमागे आहे तेही पंचनाम्यात लिहून घ्या, फास्टॅगची वेळ जुळवताना त्यावरच सगळं अडतं.